शेळी सुटली, पुढं?

तिसरीतल्या मुलाला गोष्ट सांगायला लावली, की बहुतेकदा ती अशी येते: ‘मी मामाच्या गावाला गेलो. मग जेवलो. मग खेळलो. मग झोपलो.’ क्रम बरोबर, वाक्यंही नीट. पण कुणाचं काही अडतच नाही, म्हणून ऐकणाऱ्याला पुढची ओढ लागत नाही. आपण मुलांना सुरुवात, मध्य, शेवट समजावतो आणि लगेच तात्पर्य विचारतो. आधी शिकवायला हवी ती अडचण.

चिमणी-कावळ्याची गोष्ट पाहा. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या दारात येतो आणि ती दार उघडत नाही. हाक तीच, कारण मात्र दरवेळी नवं. तीन वर्षांचं पोरही पुढचं वाक्य आधीच बोलून मोकळं होतं.

घनसावंगी, अंबडकडच्या वर्गात मी शेळीपासून सुरुवात करीन. शेळी सुटली. कुठं गेली? ‘मोसंबीच्या बागंत.’ मग? ‘मालक काठी घेऊन आला.’ इथं शिक्षकानं गप्प बसावं. कुणी म्हणेल, पळालो. कुणी म्हणेल, ‘मह्या शेळीनं पालाच खाल्ला, मोसंबी नाही.’ गोष्ट इथं उभी राहते. त्या ‘मह्या’चं ‘माझ्या’ करायची घाई नको. त्यानं सांगणारं मूल तिथंच मिटतं.

तात्पर्याची घाई टाळायला याच भागातल्या जुन्या गोष्टीही कामी येतात. भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाला महानुभाव भाविक चक्रधरस्वामींच्या आठवणीनं येतात. स्वामींनी निरूपणात सांगितलेले 114 दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यातलीच, अवघ्या काही वाक्यांची. लहान मुलांच्या हाती मी फक्त मधला दृष्टांत देईन. हत्ती नेमका कसा, यावर त्यांना भांडू द्यावं. अर्थ त्या भांडणातूनच निघतो.

लिहिणं त्यानंतर. कोण, कुठं, काय अडलं, कसं सुटलं, अशी चार चित्रं पाटीवर काढून घ्यावीत. मग मुलानं सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवावी आणि वर्गाकडून वाचून घ्यावी. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट. अडखळत वाचणारं मूलही स्वतःच्या शेळीची गोष्ट शेवटपर्यंत नेतं, कारण पुढचा शब्द काय असणार हे त्याला ठाऊक असतं.