नागपूरची थंडी आणि पिंजऱ्यातील रुग्ण

नागपूरचा उन्हाळा साऱ्या मुलुखाच्या परिचयाचा असल्यामुळे या शहराच्या हिवाळ्याची दखल कोणी फारशी गांभीर्याने घेत नाही. आणि म्हणूनच गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातील बजरीगर, ज्याला आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणून विकले जाते, तो डिसेंबरातील एखाद्या सकाळी पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून निश्चल बसलेला दिसला, की ‘थंडी वाजत असेल बिचाऱ्याला’ एवढ्या निदानावर घरातील मंडळी समाधान मानतात. २०१८ सालच्या २९ डिसेंबरला याच शहरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची सरकारी नोंद आहे. परंतु आजारी पक्ष्याच्या दृष्टीने अशा एखाद्या विक्रमी रात्रीपेक्षा येथील नित्याची चढउतार अधिक जाचक ठरते. कारण दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची सुखद ऊब आणि पहाटे बारा अंशांचा किंवा त्याहूनही कडक गारठा, असे दोन ऋतू त्याला एकाच दिवसात सोसावे लागतात.

पहिला गैरसमज असा की, बजरीगर हा उष्ण देशाचा पक्षी असल्यामुळे थंडीनेच तो आजारी पडतो. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, आणि जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली तो प्रथम जिवंत स्थितीत इंग्लंडात नेला, हे खरे. पण त्या अंतर्भागातील अॅलिस स्प्रिंग्ज या गावी जुलै महिन्यात, म्हणजे तेथील ऐन हिवाळ्यात, रात्रीचे तापमान सरासरी चार अंशांच्या आसपास असते, आणि त्या प्रदेशात बजरीगरांचे थवे आजही नांदत आहेत. निरोगी, पोटभर खाल्लेला आणि वाऱ्याच्या झोतापासून आडोसा मिळालेला बजरीगर नागपूरचा सामान्य हिवाळा सहज निभावून नेतो. तेव्हा जो दिवसाउजेडी फुगून बसला आहे, दोन्ही पाय दांडीवर टेकून झोपतो आहे, ज्याची शेपटी प्रत्येक श्वासागणिक खालीवर होते आहे, किंवा जो दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसला आहे, त्याला थंडीपलीकडचे काहीतरी झाले आहे असेच समजून चालावे. शिवाय शिकारी प्राण्यांच्या भयाने आपले दुखणे शक्य तितके लपविणे हा या जातीचा स्वभावधर्म असल्यामुळे, आजार आपल्या नजरेस पडतो तेव्हा तो बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

मग ऊब द्यायची ती कशासाठी? या लेखाचा सारा भर याच मुद्द्यावर आहे, कारण ऊब हेच औषध, अशी समजूत सर्वांत खोलवर रुजलेली आहे. बजरीगराचे वजन अवघे तीस ते चाळीस ग्रॅम आणि शरीराचे तापमान सुमारे एक्केचाळीस अंश. देह जितका लहान तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि पृष्ठभाग मोठा तितकी उष्णतेची गळतीही मोठी. ही गळती भरून काढण्याचा खर्च पक्षी दिवसभर टिपलेल्या दाण्यांतून भागवतो. आजारात त्याचे खाणे तुटते, म्हणजे जमेची बाजू आटते, आणि खर्च मात्र पूर्ववत चालू राहतो. अशा वेळी आपण बाहेरून दिलेली ऊब त्या जमाखर्चातील एक मोठी रक्कम आपल्या अंगावर घेते, आणि वाचलेली शक्ती रोगाशी झुंजण्याकरिता शिल्लक राहते. रोगजंतू मात्र उबेने मरत नाहीत, पोटात अडलेले अंडे केवळ उबेने सुटेलच असे नाही, यकृताचा विकार उबेने हटत नाही. उबेने मिळते ती मुदत. आणि त्या मुदतीत पक्षी वैद्यापर्यंत पोहोचला नाही, तर ती वाया गेली असेच म्हटले पाहिजे.

किती ऊब द्यावी, याविषयी ‘जितकी अधिक तितकी चांगली’ असा हिशेब केला जातो, तो घातक आहे. आजारी बजरीगराला सुमारे एकोणतीस ते बत्तीस अंश तापमान मानवते, आणि ते रात्रंदिवस स्थिर असावे लागते; पहाटे तीनला विझणारी ऊब ही न दिलेल्या उबेपेक्षा फारशी बरी नव्हे. त्याकरिता दांडीच्या उंचीवर एक साधा तापमापक टांगावा, कारण आपल्या हाताला जे कोमट लागते त्यावरून पक्ष्याचा अंदाज बांधता येत नाही. ऊब पिंजऱ्याच्या एकाच बाजूने द्यावी, म्हणजे नको वाटल्यास दुसऱ्या बाजूस सरकण्याची मुभा त्याला राहते. पंख अंगापासून दूर धरून, पिसे अंगाशी चापून, चोच उघडी ठेवून तो धापा टाकू लागला, तर उष्णता जास्त झाली असे ओळखून ती तत्काळ कमी करावी.

अलीकडे एक नवा घोटाळा दिसतो. पूर्वी चाळीस किंवा साठ वॉटचा तारेचा दिवा पिंजऱ्याबाहेर लावला की काम भागत असे. आता घरोघरी एलईडी दिवे आले, आणि जुन्या सल्ल्याबरहुकूम लोक तोच दिवा पिंजऱ्याशेजारी लावून निर्धास्त झोपतात. त्या दिव्यातून उजेड मिळतो, उपयोगी पडेल इतकी उष्णता मिळत नाही. उलट रात्रभरच्या उजेडाने रुग्णाची झोप तेवढी मोडते. म्हणून उजेड न देणारा चिनीमातीचा तापक मिळाल्यास तो उत्तम. न मिळाल्यास, किंवा वीज गेल्यास, गरम पाण्याची पिशवी जाड फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका अंगाला टेकवावी आणि ती निवण्यापूर्वी बदलत राहावी.

आता धुराविषयी जरा विस्ताराने लिहिणे मला अत्यावश्यक वाटते, कारण थंडीने मेले असते त्यापेक्षा अधिक पक्षी त्यांना थंडीपासून वाचविण्याच्या खटाटोपात दगावत असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि तो माणसालाही मारतो. पक्ष्याला मात्र फार अगोदर मारतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून वायुकोश असतात, आणि त्यांच्या योगे हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने अखंड वाहत राहिल्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी, प्राणवायूचे शोषण होते. उड्डाणासाठी निसर्गाने केलेली ही अप्रतिम तजवीज विषारी वायूही तितक्याच तत्परतेने रक्तात पोहोचविते. ब्रिटनच्या कोळसा-खाणींत १९८६ सालापर्यंत कॅनरी पक्षी बाळगले जात ते याच कारणाने. पक्षी कोसळला की खाणकामगारांनी बाहेर धाव घ्यायची. आपल्या घरातल्या बजरीगरावर ही कामगिरी कोणी सोपवलेली नाही.

स्वयंपाकघर उबदार म्हणून पिंजरा तेथे हलविण्याची वहिवाटही सोडून दिली पाहिजे. नॉनस्टिक तव्याचा लेप अतिशय तापला की त्यातून निघणारे वायू आपल्याला जाणवतही नाहीत, पण बजरीगर त्यांनी काही मिनिटांत मरू शकतो. काही हीटरांच्या आणि तापदिव्यांच्या भागांवरही असाच लेप असतो, तेव्हा विकत घेताना चौकशी करावी. मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर आणि सुगंधी फवारे यांनाही रुग्णाच्या खोलीत मज्जाव असावा.

पिंजऱ्यावर चहूकडून रजई पांघरणे ही मायेपोटी होणारी चूक आहे. पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, आणि हवाच कोंडली तर श्वासाचा विकार असलेल्या पक्ष्याचे हाल होतात. तीन बाजू आणि माथा सुती कापडाने झाकावा, चौथी बाजू मोकळी ठेवावी, आणि कापड तापकापासून पुरेसे दूर राहील असा बंदोबस्त करावा. दुपारच्या उन्हात पिंजरा ठेवायचा तर अर्ध्या भागावर सावली हवीच. आणि काचेच्या बंद खिडकीतून आलेल्या उन्हात ऊब मिळाली, तरी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण बहुतांशी काचेतच अडतात.

‘ब्रँडीचा एक थेंब द्या, अंगात गरमी येईल’ हा सल्ला तर निक्षून नाकारावा. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता उलट बाहेर जाते, आणि पस्तीस ग्रॅमच्या देहाला एक थेंबही थोडा नसतो. माणसांच्या औषधपेटीतील गोळीचा चुरा पाण्यात मिसळणे त्याच मासल्याचे. निपचित पक्ष्याच्या चोचीत पाणी वा मध बळेच सोडल्यास ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. त्यापेक्षा दांडी अगदी खाली आणून राळ्याचे कणीस आणि पाण्याची वाटी त्याच्या तोंडाशी ठेवावी. तो दाणा नुसता सोलून टाकतो आहे की गिळतो आहे हे पाहावे, आणि ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर रोज त्याचे वजन घ्यावे.

सेमिनरी हिल्स येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने नागपूरकर या बाबतीत सुदैवी आहेत. तेथे किंवा खाजगी वैद्याकडे, पक्ष्यांवर उपचार करणारे कोण आहेत याची चौकशी आजार उद्भवण्यापूर्वीच करून ठेवावी. नेताना लहान पिंजरा, त्यावर कापड, शेजारी गरम पाण्याची पिशवी आणि सोबत ताज्या विष्ठेचा कागद असावा. पक्ष्याचा रोग माणसाला लागत नाही, ही समजूतही खरी नव्हे. सिटॅकोसिस हा जंतुजन्य विकार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या फुप्फुसांत शिरतो, म्हणून तळाचा कागद ओलसर करून बदलावा, हात धुवावेत, आणि घरात कोणाला ताप-खोकला झाल्यास डॉक्टरांना पक्ष्याच्या आजाराची हकिकत अवश्य सांगावी.

पक्षी खाऊ लागला, बोलू लागला, की त्याच दिवशी तापक बंद करून पिंजरा पुन्हा गॅलरीत नेण्याची घाई होते, आणि बरा झालेला पक्षी त्या एका रात्रीत पुन्हा खालावतो. ऊब रोज दोन-तीन अंशांनी उतरवीत खोलीच्या तापमानाशी आणावी, त्यानंतरही काही दिवस वजनाची नोंद चालू ठेवावी, आणि डिसेंबर-जानेवारीतला रुग्ण असेल तर पहाटेचा गारठा ओसरेपर्यंत त्याचा मुक्काम घरातच राहू द्यावा.