चेहऱ्यावरचे वय आणि सुईचे उपाय

आरशात पहिली ठळक सुरकुती दिसली की मनुष्य क्षणभर थबकतो. आपल्याकडे या थबकण्याची थट्टा होते. आणि थट्टेला भिऊन मनुष्य कोणाला न विचारता, एखादी जाहिरात वाचून, भलत्याच दाराशी जाऊन उभा राहतो. म्हणून या विषयाचा विचार चारचौघांत मोकळेपणाने व्हावा, असे आम्हांस वाटते.

चेहऱ्याला म्हातारपण येते म्हणजे नेमके काय होते? जुन्या घराचा नुसता रंग उडत नाही. गिलावा सुटतो, वासे वाकतात, पायाही खचतो. चेहऱ्याचेही तसेच आहे. त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन हे तंतू क्षीण होतात. गालातील चरबी कोठे झिजते, कोठे खाली उतरते. आणि सर्वांच्या तळाचे हाडही झिजून डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात. शिवाय आठ्या घालणारे स्नायू जन्मभर एकाच जागी त्वचा मुडपीत असतात, ते वेगळेच.

पण दोष सगळा वयाचा नाही. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. हा गृहस्थ २८ वर्षे गाडी हाकीत होता. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू सुरकुत्यांनी खोल चिरलेली, तर उजवी कितीतरी तरुण! वय एकच, रक्त एकच. फरक केला तो काचेतूनही आत शिरणाऱ्या अतिनील किरणांनी.

आता उपायांकडे वळू. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून होणारी बोटुलिनमची विषबाधा प्राणघातक असते. तेच विष अत्यल्प मात्रेत पापण्यांच्या आकडीवर औषध म्हणून टोचले जाई. १९८७ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथील नेत्रवैद्य जीन कॅरुथर्स यांना असे दिसले की, या उपचाराने भुवयांमधील आठीही मावळते. त्यांचे पती ॲलेस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडविते, एवढेच त्याचे काम. तीनचार महिन्यांनी स्नायू पुन्हा पूर्ववत होतो. खोल गेलेला गाल त्याने भरत नाही. त्यासाठी हायलुरॉनिक आम्लाचा जेल, म्हणजे ‘फिलर’, त्वचेखाली भरतात. तोही कालांतराने विरतो. आणि पुष्कळ लोंबलेली त्वचा यांपैकी कशानेच वर जात नाही. तेथे शस्त्रक्रियाच लागते. दुखणे कोणत्या थरात आहे हे न पाहता केलेला उपाय म्हणजे पाया खचला असता भिंतीला रंग देणे होय.

आणि येथेच खरा धोका आहे. नाकाच्या व भुवयांच्या आसपासच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. फिलर चुकून अशा वाहिनीत गेला तर त्वचा काळी पडून मरते. क्वचित प्रसंगी दृष्टी कायमची जाते. हा जेल विरघळविणारे हायलुरॉनिडेज नावाचे औषध आहे. परंतु ते त्या खोलीत, त्या क्षणी, आणि ते वापरण्याचे ज्ञान असलेल्या हातात असावे लागते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ वा प्लास्टिक सर्जन यांच्याखेरीज कोणाच्याही सुईपुढे चेहरा धरू नये; कुपीवरील नाव स्वतः वाचावे; आणि ‘काही बिघडले तर येथे काय करता?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर टाळले गेले, तर सरळ उठून यावे.

कोणी हा उपचार करून घेतला म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. न घेणाऱ्यानेही आपण मागासलो असे मानू नये. मात्र एक उपाय सर्वांच्याच आवाक्यातला आहे. वैशाखाच्या उन्हात उद्या बाहेर पडताना छत्री घेण्यास विसरू नये.