पाण्यावरची बॅटरी आणि वीज वाहणारं प्लास्टिक

गैरसमज : प्लास्टिकमधून वीज वाहत नाही.

१९७७ साली हिदेकी शिराकावा, अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिमरवर, आयोडीनची प्रक्रिया केली आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळालं.

गैरसमज : १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचं विघटन होतं, म्हणून पाण्यावरची बॅटरी दुबळीच.

आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. घरच्या इन्व्हर्टरच्या लेड-अॅसिड बॅटरीत पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक आम्लच असतं आणि तिचा एकेक सेल सुमारे २ व्होल्ट देतो. इलेक्ट्रोडवर वायू सुटण्याची क्रिया मंद असेल, तर पाणी पुष्कळ तग धरतं.

गैरसमज : पॉलिमरची वाहकता वाढवली की झालं.

खरी अडचण आहे ती वाहकता टिकवण्याची. पाण्यावरच्या बॅटरीत एक इलेक्ट्रोड अशा वाहक पॉलिमरचा आणि समोरचा जस्ताचा ठेवता येतो. त्यातल्या पॉलिअॅनिलीनचंच पाहा. आम्लातले प्रोटॉन त्याच्या रेणूंच्या साखळीला चिकटलेले असतात तोवर ते हिरवं आणि वाहक असतं. आम्लता घटली की प्रोटॉन निघून जातात, रंग निळा होतो आणि वाहकता जवळजवळ संपते. मग भरपूर आम्ल घालावं, तर समोरचा जस्ताचा इलेक्ट्रोड झिजतो, हायड्रोजन सुटतो. एकाच द्रावणात दोघांना नांदवायचं कसं? सर्वांत नेटका उपाय मला वाटतो तो सल्फॉनिक आम्लाचे गट साखळीलाच जोडण्याचा : द्रावण सौम्य राहतं आणि साखळीपुरती आम्लता जागेवरच मिळते.

चार्जिंगचा व्होल्टेजही आवरावा लागतो. अति ऑक्सिडीकरण झालेल्या साखळीवर पाणी हल्ला करतं, ती तुटते आणि क्विनोन तयार होतात. शिवाय आयन आत-बाहेर करताना पॉलिमर फुगतो, आकसतो, त्याला तडे जातात. म्हणून त्याचा पातळ थर कार्बनच्या कापडावर किंवा नॅनोनलिकांवर चढवतात. इथे वाचकानं सावध असावं. पातळ थराची दर ग्रॅम क्षमता देखणी दिसते, पण दर चौरस सेंटिमीटरला माल किती आहे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

गैरसमज : पाणी आणि प्लास्टिक, म्हणजे सगळंच निरुपद्रवी.

पाण्यातलं द्रावण पेट घेत नाही, हा मोठाच फायदा. पण पॉलिअॅनिलीन ज्यापासून बनतं ते अॅनिलीन विषारी आहे. कारखान्यात त्याची काळजी घ्यावीच लागते.

गैरसमज : उद्या मोबाइलमध्ये लिथियमऐवजी हीच बॅटरी येईल.

पॉलिअॅनिलीनची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे सुमारे २९४ मिलिअँपिअर-तास, प्रत्यक्षात हाती येते साधारण निम्मी. त्यात व्होल्टेजही लिथियमच्या मानानं कमी. खिशातल्या फोनला हे परवडणारं नाही. सौर पॅनलशेजारी एका जागी ठेवायच्या साठवणुकीत मात्र वजनाचा प्रश्न येत नाही. तिथे पाहायचं ते बॅटरी न पेटता किती वर्षं चालते आणि किती स्वस्त पडते.