गंज पाण्याचा, आळ डिझेलवर

पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली जुनी ४०७ किंवा १२१० मॉडेलची ट्रकगाडी उसाच्या हंगामासाठी बाहेर निघते आणि पहिल्याच आठवड्यात चढाला ओढेनाशी होते. फिल्टर बदलला की पळते, चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. काढलेला फिल्टर पांढऱ्या कापडावर उलटा केला की विटकरी भुकटी पडते. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: भेसळीचं डिझेल मिळालं. भेसळ होते, नाही असं नाही. पण ही भुकटी गंजाची आहे, आणि इंधनाच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा लोखंडी पत्रा गाडीच्या टाकीचाच असतो.

‘डिझेल म्हणजे तेलच, त्यात पत्रा गंजेल कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. डिझेल सतत लागून असतं तिथे पत्रा खरंच टिकतो. गंज धरतो तो उरलेल्या जागेत. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते. गाडी चालू असेल तर रिटर्न पाईपने परत येणारं डिझेलही गरम असतं. रात्री टाकी निवते, आतली हवा आकसते आणि झाकणाच्या छिद्रातून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्या हवेतली वाफ छताला दव होऊन धरते आणि ओघळून तळाशी जाते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते सक्शन पाईपच्या तोंडाखाली बसून राहतं. म्हणूनच टाकी दोन ठिकाणी सडते: वर छताला आणि खाली सगळ्यात खोल सांध्यात. पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरून ठेवावी. पैसे अडकल्यासारखे वाटतात खरे, पण पत्रा वाचतो. आणि अधूनमधून, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, तळाचा ड्रेन नट सैल करून पहिली धार काचेच्या बाटलीत धरावी. पाणी असेल तर तळाला वेगळा थर डोळ्यांना दिसतो.

टाकीत काळा, बुळबुळीत गाळ सापडला तर तो डांबर किंवा भेसळच असेल असं समजू नये. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. डिझेल हे त्यांचं खाद्य. त्यांच्यापासून तयार होणारी आम्लं पत्रा आणखी खातात. पाणी काढलं की त्यांचा आधार जातो. इथेनॉलचा दोषही जुन्या डिझेल ट्रकला लागू होत नाही, कारण पंपावर इथेनॉल मिसळलेलं असतं ते पेट्रोल. जुन्या पेट्रोल जीपची गोष्ट वेगळी. तिथे इथेनॉल पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाला बसतात.

आता सफाई. टाकीत खडी, नट-बोल्ट किंवा साखळी टाकून हलवायची, हा गॅरेजमधला आवडता उपाय. मोटारसायकलच्या छोट्या टाकीत तो कसाबसा चालतो. ट्रकच्या टाकीत मात्र डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असतात. साखळी पहिल्या पडद्यात अडकते, पलीकडचा गंज तसाच राहतो, आणि खडीचा चुरा पुढे फिल्टरकडे निघतो.

‘ॲसिड जितकं जहाल तितकी टाकी स्वच्छ’ हे त्याहून महागात पडतं. संडास साफ करायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, गंज खातं आणि गंजाखालचा चांगला पत्राही खातं. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो पेटतो. शिवाय सांध्यात राहिलेल्या क्लोराइडमुळे धुतलेली टाकी काही दिवसांत पुन्हा लाल होते. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, हळू काम करतं पण पत्र्याला सांभाळून. लिटरभर गरम पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, आणि एक रात्र भिजत ठेवणं. त्याआधी साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुन्हापुन्हा धुवावी लागते. बहुतेक जण हीच पायरी गाळतात. डिझेलचा ओशट थर राहिला की आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही आणि ‘लिंबूसत्त्वात दम नाही’ असा शेरा मिळतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लपणा मारायचा, धुवायचं आणि लगेच कोरड्या हवेने वाळवायचं. ओला, उघडा पत्रा बघता बघता तांबूस होतो. सीलर लावायचा नसेल तर वाळताच थोडं डिझेल ओतून सगळीकडे फिरवावं. धुवण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात तेल असतं, आणि जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा देत, त्यातलं शिसंही त्यात उतरतं.

सगळ्यात घातक समज वेल्डिंगचा आहे. ‘पेट्रोलची टाकी भडकते, डिझेलची नाही’ आणि ‘रिकामी आहे, काय होणार?’ ही दोन वाक्यं ज्या गॅरेजमध्ये सहज बोलली जातात, तिथे मला उभं राहवत नाही. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे त्याच्या आसपास डिझेलवर पेट घेण्याइतकी वाफ तयार होऊ शकते. चंद्रपूरच्या मे महिन्यात नुसती हवाच याहून तापलेली असते, मग टॉर्चखालच्या पत्र्याचं काय? आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण वाफेला लागणारी हवा तिच्यातच असते. शंभर लिटरच्या टाकीत स्फोटक मिश्रण व्हायला एक-दोन चहाचे चमचे डिझेलची वाफ पुरते. तेवढं डिझेल गंजाच्या पापुद्र्यांत आणि सांध्यांत धुतल्यावरही दडून राहतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेर येतं. वास येत नाही म्हणून वाफ नाही, असं होत नाही.

यावर दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडायची युक्ती सांगितली जाते. धुराने ऑक्सिजन हटतो, असा हिशेब. पण डिझेल इंजिन आयडलवर असताना त्याच्या धुरात ऑक्सिजन सहसा १५ टक्क्यांच्या वर असतो. हवेत तो २१ टक्के, आणि ज्योत त्याहून बऱ्याच कमी ऑक्सिजनवरही टिकते. पाणी भरून वेल्डिंग केल्याने वाफेची जागा कमी होते, पण पडद्यांमागे आणि कोपऱ्यांत हवेचे कप्पे राहतात. टाकीला ज्योत किंवा ठिणगी दाखवायचीच असेल तर आधी वाफेने धुणं आणि गॅस मीटरने तपासणं, हे ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच ते काम द्यावं. आत डोकावायलाही वायरवर सोडलेला बल्ब वापरू नये. ही खबरदारी पाळली नाही म्हणून माणसं दगावली आहेत, आणि टाकी बदलता येते.

सीलरबद्दलचा गैरसमज सौम्य आहे, पण खिसा रिकामा करणारा. इंधन सोसणारा इपॉक्सी सीलर सुईएवढी छिद्रं आणि झिरपणारे सांधे बुजवतो. सडलेल्या पत्र्याला तो ताकद देत नाही. तळाच्या सांध्याकडेने स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबत जावं. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं तर सीलरचा विचार सोडावा आणि टाकी बदलावी. पत्रा ठणठणीत असेल आणि गळती नसेल तर सीलर लागतच नाही. गंजावर किंवा ओशटपणावर ओतलेला सीलर पुढे पापुद्र्यांनी सुटतो आणि सक्शनच्या जाळीवर बसतो, म्हणजे पुन्हा तीच तक्रार. लावण्यापूर्वी सक्शन, रिटर्न, ब्रीदर आणि फ्लोटची तोंडं बंद करायची, नंतर जादा सीलर ओतून काढायचा आणि डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण वाळू द्यायचा. आतून साधा रेड ऑक्साइड मारू नये, इंधनात तो मऊ पडून सुटतो. जस्ताचा थरही डिझेलच्या टाकीत नको. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून जे क्षार तयार करतं ते नोझलपर्यंत पोचतात.

वाटेत टाकी गळू लागली तर ड्रायव्हर अंगाचा साबण घासून छिद्र बुजवतात. ते योग्यच आहे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही आणि गाडी गॅरेजपर्यंत जाते. फक्त पुढच्या पावसात तो धुऊन जातो, हे लक्षात ठेवावं.

टाकी बसवताना जुने पाईप तसेच जोडले तर त्यांतला गंज नव्या फिल्टरमध्ये उतरतो, म्हणून तेही हवा मारून साफ करावेत. पंपातल्या प्लंजरची फट मोजक्या मायक्रॉनची असते. फिल्टर चुकवून गेलेला बारीक कण तिथे ओरखडा पाडतो, आणि मग पंप उघडावा लागतो. पहिल्या महिन्यात फिल्टर लवकर उघडून पाहावा. त्यात पुन्हा विटकरी भुकटी दिसली तर टाकी अजून पूर्ण साफ झालेली नाही. नवा फिल्टर बसवून पुढे जाण्याऐवजी टाकी पुन्हा उतरवावी.