नवा स्विच घ्यायचा की जुनाच ठेवायचा?

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी भाच्याने हट्टच धरला. "मामा, आता स्विच टू पाहिजे. माझा जुना बाद झाला." त्याच्याकडे निन्टेंडोचं गेम खेळायचं यंत्र, ओएलईडी स्विच, आहे, चांगलं धडधाकट. पण "बाद झाला" हे तो इतक्या खात्रीने बोलला की मी सगळी माहिती काढून बसलो. जालन्यातल्या इतर घरांतही हाच प्रश्न निघतो, म्हणून हे लिहितोय.

पहिला स्विच आला ३ मार्च २०१७ ला, ओएलईडी ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि स्विच टू ५ जून २०२५ ला. नवा आला म्हणून जुना बंद पडत नाही. जुने गेम, अगदी त्यांच्या कार्डांसकट, काही थोडे अपवाद सोडले तर नव्यावरही चालतात. उलटं मात्र होत नाही. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' किंवा 'डाँकी काँग बनांझा' जुन्यावर चालणार नाही. हे गेम खेळायचेच असतील तर दुसरा मार्ग नाही, नवाच घ्या. आणि 'पोकेमॉन स्कार्लेट' जुन्यावर अडखळत खेळणाऱ्या मुलाला नव्यावरचा फरक लगेच कळेल. त्या गेमसाठी नव्यावरचं अपडेट फुकट मिळतं.

नव्याचा पडदा सगळ्या बाबतींत सरस आहे, हे मात्र खरं नाही. तो ७.९ इंची आहे, बारकावे जास्त दाखवतो आणि हालचाल जास्त सफाईदार दिसते. पण तो एलसीडी आहे. ओएलईडी स्विचच्या ७ इंची पडद्यावर काळा रंग खरोखर काळा दिसतो. रात्री दिवा बंद करून दोन्ही शेजारी ठेवा, फरक तुमचा तुम्हाला दिसेल.

बॅटरीबद्दलचा गैरसमज सगळ्यात मोठा. नवी वस्तू म्हणजे जास्त टिकणार, असं आपण धरूनच चालतो. कंपनीचेच आकडे पाहा: ओएलईडी स्विच साडेचार ते नऊ तास, स्विच टू दोन ते साडेसहा तास. जालन्याहून वंदे भारतने मुंबईला निघालात आणि जड गेम लावला, तर मनमाड यायच्या आत नव्याची बॅटरी संपू शकते. म्हणून चार्जर बॅगेत हवाच. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे आपल्याकडच्या विजेची अडचण नाही. परदेशातला नग असेल तर फक्त पिन बदलायचा अडॅप्टर लागतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार तर कुणी करतच नाही. हे यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरा, असं कंपनी सांगते. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. ही सूचना जुन्यालाही लागू आहे. यंत्र गादीवर ठेवून खेळू नका, वरची हवा बाहेर टाकायची जाळी मोकळी राहू द्या आणि दुपारचा खेळ संध्याकाळवर ढकला.

"माझ्याकडे २५६ जीबीचं कार्ड आहे, तेच टाकीन," असं भाचा म्हणाला. मी ते कार्ड उलटं करून त्याला दाखवलं. साध्या मायक्रोएसडी कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असते. मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डावर तिच्या खाली आणखी एक ओळ असते. स्विच टूवर गेम साठवायला हे दोन ओळींचंच कार्ड लागतं. साधं कार्ड लावलं तर त्यातले जुने फोटो आणि व्हिडिओ तेवढे घेता येतात. नव्यात आतली जागा २५६ जीबी आहे, ओएलईडीत ६४. पण नवे गेमही मोठे आहेत. शिवाय काही गेमच्या डबीत जे कार्ड मिळतं, त्यात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि खेळताना कार्डही लावलेलं लागतं. घरी ब्रॉडबँड नसेल, रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर भागत असेल, तर अशी डबी घेण्याआधी वेष्टनावरची सूचना नीट वाचा.

जॉयकॉनची, म्हणजे बाजूच्या कंट्रोलरची, काडी आपोआप सरकण्याचा जुना त्रास नव्यात कायमचा गेला, असंही सांगितलं जातं. नव्या काड्या नव्याने घडवल्या आहेत हे खरं, पण हा त्रास टाळणारे चुंबकीय हॉल सेन्सर त्यांत नाहीत, तेव्हा तो कायमचा गेला असं म्हणता येत नाही.

आता पैशाचं. निन्टेंडोचं भारतात अधिकृत विक्री-सेवेचं जाळं नाही. दुकानात मिळतो तो नग बाहेरून आणलेला असतो, तेव्हा वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तो बिलावर लिहून घ्या. जपानहून कुणी स्वस्तात आणून देतो म्हणालं तर आधी विचारा, कुठला आणतोय? तिथे २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला नग फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचंच खातं लागतं. सगळ्या भाषांचा नग तेव्हा ६९,९८० येनला होता.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने स्विच टू घ्यावा, कारण यापुढचे मोठे गेम त्यावरच जास्त येणार. ओएलईडी हातात असेल आणि नव्याच एखाद्या गेमसाठी जीव तुटत नसेल, तर थांबावं. भाच्याला मी आवडत्या गेमची यादी करायला लावली. सहापैकी पाच त्याच्या जुन्या स्विचवर चालतात. सहावा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' निघाला, तेव्हा तो वापरलेला स्विच टू शोधायला लागला. त्याला एवढंच सांगितलं, पैसे देण्याआधी दुकानातच वायफायला जोड आणि ई-शॉप, म्हणजे निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान, उघडून बघ. बनावट कार्ड वापरलेल्या यंत्रांची ऑनलाइन सेवा कंपनी बंद करते, आणि ती बंदी यंत्राबरोबर नव्या मालकाकडे येते.