दोन धारांमधले बारा तास

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीचे वर्ष मृगापासून सुरू होते. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत निघते, कापूस दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढपर्यंत वेचत राहायचा, मग तूर, आणि विहिरीला पाणी असेल तर हरभरा. या शेतीतही घाई असते, पण ती आठवड्यांची असते. वेचणीला बाया मिळाल्या नाहीत तर कापूस चार दिवस झाडावर थांबतो. त्याच शेताच्या बांधावरचा गोठा थांबत नाही. तिथे घड्याळ तासांचे आहे, आणि ते पोळ्याला, लग्नाला, आजारपणाला सुट्टी देत नाही. दुधात विदर्भ मागे का, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर असते: जनावरे हलकी, म्हणून दूध कमी, चांगली जनावरे द्या, दूध वाढेल. मला हे उत्तर अर्धवट वाटते. दोन गायी आणि दोन म्हशींच्या गोठ्याचा एक दिवस नीट पाहिला, तर दूध अडते ते एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंतच्या बारा तासांत, हे दिसू लागते. त्या बारा तासांना लागणारी वैरण, पाणी, डॉक्टर आणि दूध उचलणारी गाडी वेळेवर असेल, तर साधे जनावरही घर चालवते. ती नसेल तर हरियाणातून आणलेली मुऱ्हा म्हैसही दोन वेतांत भाकड होऊन दावणीला उभी राहते.

पहाटे साडेचार-पाचला पहिले काम शेणाचे. रात्रीचे शेण-मूत उचलून जमीन कोरडी केल्याशिवाय धारेला बसायचे नसते, कारण कासेला लागलेला शेणाचा एक शिंतोडा दूध नासवायला पुरतो. मग भिजवलेली सरकीची ढेप गव्हाणीत पडते. जनावर ढेपेत तोंड घालते, वासरू दोन-चार घोट पिऊन बाजूला बांधले जाते, कास धुतली जाते, आणि म्हैस पान्हा सोडते. इथून पुढची पाच-सात मिनिटे फार मोलाची. कासेला हात आणि वासराचे तोंड लागले की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, ते कासेतल्या बारीक पिशव्या आवळते आणि दूध सडात येते. त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. तेवढ्यात चारही सड मोकळे झाले पाहिजेत, नाहीतर शेवटचे दूध आतच राहते, आणि सर्वांत जास्त फॅट त्याच शेवटच्या दुधात असते. म्हणून हात महत्त्वाचा. अंगठा मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबून ओढत धार काढणाऱ्याला ते सोपे वाटते, पण सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीत सड धरून वरून खाली बोटे आवळत गेले की जनावराला त्रास होत नाही आणि वेळही वाचतो. धार संपल्यावर अर्धा तास जनावर उभे राहावे म्हणून त्याच्यापुढे वैरण टाकतात. सडाचे तोंड तोवर मिटलेले नसते. ओल्या जमिनीवर बसले तर जंतू सरळ कासेत जातात आणि कासदाह होतो. एका सडाचा कासदाह म्हणजे पुष्कळदा त्या सडाचे दूध कायमचे गेले असे समजावे. ही झाली सकाळची धार. असेच सगळे बारा तासांनी पुन्हा. अंतर वाढले की कास तटतटते, दाब वाढतो आणि दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. असे वारंवार झाले की जनावर हळूहळू आटत जाते.

बादलीत आलेल्या दुधाचे घड्याळ याहून कडक असते. कासेतून ते अंगाच्या उबेचे निघते, आणि त्या उबेत जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. दोन-तीन तासांत ते चार अंशांपर्यंत थंड झाले नाही, तर संध्याकाळपर्यंत त्याचा भरवसा नाही. शेगाव, खामगाव, चिखली, मलकापूर अशा गावांच्या जवळपास राहणाऱ्याला ही चिंता कमी. तो रतीब घालतो किंवा चहाच्या हॉटेलांना दूध देतो, आणि भावही बरा मिळतो. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारी गर्दीच रोज किती चहा पिते! पण तालुक्याच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटर आत असलेल्या खेड्यात दुधाला वाट एकच, संकलन केंद्र. तिथे नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट वगळता उरलेल्या घन घटकांचे) आकडे उमटतात आणि त्यावरून दर लागतो. सकाळचे दूध जाते. अडचण संध्याकाळच्या दुधाची. शीतकरणाची टाकी जवळ नसेल तर गाडी एकदाच येते, आणि संध्याकाळचे दूध घरात विरजणाला, तुपाला लागते किंवा वासराला पाजून संपवले जाते. धार दिवसातून दोनदा काढायची आणि पैसे एकाच धारेचे मिळवायचे, असा व्यवहार फार दिवस टिकत नाही. घरातले लोक मग संध्याकाळच्या धारेत ढिले पडतात, ढेप कमी करतात, आणि जनावर त्या मानाने दूध कमी करते. बाहेरून पाहणारा म्हणतो, जातच हलकी.

बुलढाण्याची खरी गोम मात्र वैरणीत आहे. पूर्वी इथे ज्वारी होती. ज्वारी म्हणजे माणसाला भाकर आणि जनावराला कडबा; गंज्या लावून ठेवल्या की वर्षभर चिंता नसे. सोयाबीन आले, रोकड पीक म्हणून त्याने ज्वारीची जागा घेतली, आणि शेतकऱ्याने ते केले यात त्याचे काही चुकले नाही. पण सोयाबीन काढणीला येईपर्यंत त्याची पाने गळून गेलेली असतात. मळणीनंतर उरते ते कुटार: शेंगांची फोलपटे आणि टणक काड्या. जनावर फोलपटे वेचून खाते आणि काड्या गव्हाणीत तशाच राहतात. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार त्यापेक्षा चवीचे, पण ते थोडे. म्हणजे पीक बदलले ते बाजारपेठेने, आणि त्याची किंमत गोठ्याने दिली. आज गोठ्यातल्या दिवसाचा मधला सगळा भाग या तुटीची भरपाई करण्यात जातो: बांधावरचे गवत कापून आणणे, नेपियरचे चार सरे जगवणे, कडबाकुट्टीवर जे असेल ते बारीक करणे, म्हणजे जनावर निवडून खाणार नाही. चारशे किलोच्या दुभत्या गाईला रोज दहा-बारा किलो कोरडा अंश पोटात जावा लागतो. हिरव्या वैरणीत पाणीच जास्त असल्याने प्रत्यक्षात ते ओझे तिप्पट होते, आणि ते बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावरून येते.

त्यातही जिल्हा एकसारखा नाही. अजिंठ्याच्या रांगेने त्याचे दोन भाग केले आहेत, आणि इथला माणूस पत्ता सांगतानाच घाटावरचा की घाटाखालचा हे सांगतो. घाटावर चिखली, मेहकर, बुलढाण्याकडे विहीर धड असेल तर उन्हाळ्यात अर्धा एकर हिरवे जगते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याच्या बऱ्याच भागात खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, खोल, कापसाला छान. पण खालचे पाणी खारट. त्या पाण्यावर उन्हाळी वैरण घेतली की जमीन बिघडते, आणि माणसालाच जिथे गोड पाण्यासाठी नळयोजनेची वाट पाहावी लागते तिथे दुभत्या म्हशीला रोजचे साठ-सत्तर लिटर कुठून आणायचे? मे महिन्यात या खोऱ्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. म्हशीला घाम फारसा येत नाही, कातडी काळी. तिला डुंबायला पाणी नाहीतर दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी लागते. ते मिळाले नाही तर ती खाणे कमी करते आणि माजाची लक्षणे दाखवेनाशी होते. गुजरातेत किंवा कोल्हापुरात यशस्वी झालेले कोष्टक इथे तसेच्या तसे का बसत नाही, याचे निम्मे उत्तर या पाण्यात आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पश्चिम महाराष्ट्रातूनच येतो असे नाही: वऱ्हाडी माणसाला दुधाची सवयच नाही, पहाटे उठणे त्याला जमत नाही. हे म्हणणे टिकत नाही. वऱ्हाडात गाय पाळली गेली ती मुख्यतः बैलासाठी, कारण कापसाची काळी जमीन नांगरायला बैल हवा होता. दूध त्या व्यवहारात दुय्यम होते. पण याच पूर्णेच्या काठी पांढरट ते फिकट तपकिरी रंगाची एक म्हैस पिढ्यान्‌पिढ्या दुधासाठी सांभाळली गेली. 'पूर्णाथडी' या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ती अगदी अलीकडे. मुऱ्हाच्या मानाने तिचे दूध कमी, पण दाट; शिवाय इथले ऊन आणि इथले कुटार तिला सोसते. सवय नसलेल्या माणसांनी अशी जात घडवली नसती. आणि चार महिने उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या, सोयाबीनच्या सोंगणीला उजाडण्याआधी शेतात पोचणाऱ्या घरांना पहाटे उठता येत नाही, हे म्हणायला तोंड तरी कसे धजावते?

जनावर वाटून काय होते याचा प्रयोग विदर्भात एकदा झालेला आहे. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. त्यात अनुदानावर दुभती जनावरे देण्याचा भाग होता. त्या काळात विदर्भात फिरून लिहिणाऱ्या पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की कोरडवाहू घरांत जनावराच्या वैरणीचा रोजचा खर्च त्याच्या दुधाच्या पैशापेक्षा जड जात होता, आणि माणसे ते अनुदानित ओझे कसे उतरवावे या विवंचनेत पडली होती. जनावर घरी आले, पण त्याचे बारा तास आले नाहीत. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. हिशेबच चुकला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वेळेचे काय घेऊन बसलात, खरा प्रश्न भावाचा आहे, असे कोणताही दूध उत्पादक म्हणेल. 2024 च्या ऑक्टोबरपासून 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला 28 रुपये भाव आणि त्यावर सरकारचे 7 रुपये अनुदान अशी व्यवस्था काही काळ करावी लागली, यावरूनच भाव किती अपुरा होता ते कळते. साधा हिशेब मांडू. गाय आठ लिटर देते. अडीच लिटरमागे एक किलो आणि शरीरपोषणाला दीड किलो, या रूढ प्रमाणाने तिला पावणेपाच किलोच्या आसपास खुराक लागतो. ढेप किलोला 30 रुपये धरली तर 140 रुपये गेले. 28 च्या भावाने दूध 224 रुपयांचे. उरलेल्या ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांत कुटार, औषध, वासरू आणि दोन माणसांची मेहनत. भाव वाढला पाहिजे, यात वाद नाही. पण याच हिशेबात वेळेची किंमतही दडलेली आहे. गाय माजावर येते ती साधारण 21 दिवसांनी, आणि माज टिकतो बारा-अठरा तास. सकाळी दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन व्हायला हवे. सोयाबीनच्या सोंगणीत कोणाचे लक्ष गेले नाही, किंवा फोन केला आणि पशुवैद्यकीय कर्मचारी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, की 21 दिवस गेले. म्हशीचा माज तर पुष्कळदा मुका असतो, रात्रीच येऊन जातो. असे तीन-चार माज हुकले की पुढचे वेत दोन ते पावणेतीन महिने लांबते, आणि तेवढे दिवस भाकड जनावर खात राहते. लिटरमागे दोन रुपये वाढवून मिळवलेले सगळे त्यात निघून जाते. भाव मुंबईत ठरतो, माज गोठ्यात कळतो. दोन्हीकडे लक्ष लागते.

मग लहान गोठे कशाला, पन्नास गायींचा यांत्रिक गोठा काढा, असे म्हणणारेही आहेत. ज्याच्याकडे बागायत आणि भांडवल आहे त्याने जरूर काढावा. पण तिथे पगारी माणसे आणि विकतची वैरण लागते, आणि भाव घसरला की व्याज थांबत नाही. चार जनावरांचा गोठा टिकतो तो शेतातल्या कुटारावर आणि घरच्या मेहनतीवर, आणि त्याचे शेण पुन्हा शेतात जाते. ही मेहनत मुख्यतः बाईची आहे हे मात्र उघडपणे मांडले पाहिजे. शेण, वैरण, पाणी, एक धार तरी तिची. केंद्रावरचे खाते आणि दहा दिवसांचा हिशेब पुष्कळदा पुरुषाच्या नावावर. ढेप आणायची की नाही हे खाते ज्याचे तो ठरवतो, आणि जनावर खात नाही हे तिला आधी कळते. हा नुसता न्यायाचा मुद्दा नाही, उत्पादनाचाही आहे.

गोठ्यात गाय ठेवायची की म्हैस, हा हिशेबही बदलला आहे. 2022 मध्ये जनावरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा राज्यात सर्वाधिक फटका बसलेल्या जिल्ह्यांत बुलढाणा होता. जनावरांचे बाजार बंद झाले, गायी आणि बैल दगावले. म्हशी बऱ्याच अंशी वाचल्या. त्याआधी 2015 मध्ये गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली होती, त्यामुळे गोऱ्हा आणि म्हातारा बैल विकण्याची वाट जवळपास बंद झाली होती. म्हशीला ती बंदी नाही. लहान शेतकरी गाईकडून म्हशीकडे झुकतो त्यामागे फॅटइतकीच ही दोन कारणे आहेत, आणि सल्ला देणाऱ्यांनी ती लक्षात घ्यायला हवीत.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा विदर्भ-मराठवाडा प्रकल्प 2016 मध्ये ज्या अकरा जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत बुलढाणा होता. त्याने केलेले सर्वांत उपयोगी काम म्हणजे गावात यंत्रावर मोजणी आणि पैसे थेट खात्यात. 2024 मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला, एकोणीस जिल्ह्यांसाठी. त्यात दुधाळ जनावरांबरोबर खाद्य, वैरण आणि कडबाकुट्टीही आहे. यादी बरी आहे, क्रम उलटा करायला हवा. आधी गावात संध्याकाळची टाकी, मग बारा तासांत पोचणारा रेतन करणारा माणूस, मग घाटाखालच्या गावांसाठी गोड्या पाण्याच्या पट्ट्यात पिकवलेल्या मक्याचा मुरघास, जो पंचेचाळीस दिवसांत तयार होतो आणि उन्हाळाभर पुरवता येतो. जनावर सर्वांत शेवटी, आणि तेही मागणाऱ्याने स्वतः बाजारात दोन वेळा धार काढून पाहिलेले.