रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

मी नोएडात लहान मुलांचा डॉक्टर आहे. परीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे एक ठरावीक पेशंट येतो. वय तेरा-चौदा, तक्रार पोटदुखीची. सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. आई विचारते, "डॉक्टर, नाटक तर करत नाही ना हा?" नाटक नसतं. पोट खरंच दुखत असतं.

पूर्वी मी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी द्यायचो. बहुतेकांची ती फाईलमध्येच राहायची. 'आमचा मुलगा काय वेडा आहे का?'

मग दिल्लीतल्याच एका अभ्यासाबद्दल वाचलं. गोव्याच्या 'संगत' संस्थेने, म्हणजे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 2018 मध्ये इथल्या सहा सरकारी शाळांत तो केला. नववी ते बारावीची 251 मुलं. निम्म्यांना फक्त पुस्तिका दिल्या. उरलेल्यांना पुस्तिकांसोबत तीन आठवड्यांत चार-पाच भेटी, त्याही तज्ज्ञांच्या नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांच्या. पद्धत सोपी: सगळ्यात जास्त छळणारी एक अडचण निवडायची, तिच्यावरचे उपाय मुलानेच सुचवायचे, एक करून बघायचा, काय झालं ते पुढच्या भेटीत सांगायचं.

सहा आठवड्यांनी भेटी झालेल्या मुलांच्या अडचणी जास्त कमी झाल्या होत्या. उदासी, चिंता यांसारख्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत तेव्हा ठळक फरक नव्हता. ही जादू नाही, हे मला त्यातलं सगळ्यात पटलं.

अभ्यास शाळेतला होता, पण ती पद्धत मी दवाखान्यात आणली. शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात आईला थोडा वेळ बाहेर बसवतो. त्याआधी दोघांसमोर सांगतो, की इथलं बोलणं इथेच राहील. जिवाला धोका वाटला तरच बाहेर सांगेन. एकाला स्कूल व्हॅनमधली मोठी मुलं छळत होती. 'व्हॅन बदला' हा माझा उपाय त्याने नाकारला. त्याने ताईला सांगायचं ठरवलं. ताई त्याच व्हॅनमध्ये असायची, हे मला माहीतच नव्हतं! तिसऱ्या भेटीपर्यंत पोटदुखी पूर्ण गेली नव्हती, पण शाळा बुडत नव्हती.

एक प्रश्न मात्र मी प्रत्येकाला सरळ विचारतो: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उत्तर 'हो' आलं, तर या छोट्या भेटी पुरेशा नाहीत. मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. घरी रात्री-अपरात्री मदत लागली, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते. हा नंबर मी आता औषधांच्या चिठ्ठीवरच छापून घेतलाय.